देवजीचं नाव

"म्हंजे नाय सोडनार त्यांना?" जयमालाने तिसऱ्यांदा विचारलं आणि केळुसकर वकिलांनी तिसऱ्यांदा चष्मा काढून पुसला.

कोर्टाच्या व्हरांड्यात काळे कोट लगबगीने इकडून तिकडे चालले होते. एकाच्या बगलेतली फाइल तिच्या दंडाला घासून गेली, तरी ती जागची हलली नाही. आत निकाल इंग्रजीत वाचला गेला होता. न्यायमूर्तींनी दोनदा पंढरीचं नाव घेतलं, एकदा देवजीचं घेतलं आणि मग पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला, एवढंच तिला उमगलं होतं. पंढरी तिचा नवरा. देवजी पंढरीचा चुलतभाऊ. तो या घटकेला तिच्या मागेच, भिंतीला टेकून, मान खाली घालून उभा होता.

"आपला अर्ज नामंजूर झाला, जयमालाबाई," वकील म्हणाले. "नव्या नियमाप्रमाणे बावीस वर्षं भरली की मग विचार करू, म्हणाले."

"पन भावजींना सोडला ना? याच कोर्टानं सोडला ना?" तिने मागे न बघताच देवजीकडे बोट केलं. "एकच केस. एकाच दिवशी दोघांना शिक्षा. त्यांना जुना नियम आन आमाला नवा?"

"तेच मी आत घसा फोडून सांगत होतो!" केळुसकरांचा आवाज एकदम चढला. दोन शिपायांनी वळून बघितलं, तसे ते खाली आले. "इकडे या जरा. बाजूला या."

केळुसकर मूळचे मालवणकडचे. बेलापूरला एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. माणूस सरळ होता. पण जी गोष्ट स्वतःलाच पटलेली नाही ती दुसऱ्याला समजावून सांगायची वेळ आली, की सरळ माणसाची फार ओढाताण होते. त्यांनी सांगितलं ते असं. दोघांना जन्मठेप झाली तेव्हा सरकारचा नियम होता, की चौदा वर्षं पुरी झाली आणि वागणूक नीट असली, की सुटकेचा विचार करायचा. ते दोघे आत असतानाच सरकारने नवा नियम काढला. दोघातिघांनी मिळून माणूस मारला असेल, तर चौदाऐवजी बावीस. मग जे आधीपासून आत आहेत त्यांना कोणता नियम लावायचा? देवजीच्या वेळी कोर्टाने सांगितलं, शिक्षा सुनावली त्या दिवशी होता तोच. मागून आलेला कडक नियम माणसाला मागे जाऊन लावता येत नाही. देवजी घरी आला. आज दुसरे न्यायमूर्ती म्हणाले, शिक्षा जन्मठेपच होती आणि जन्मठेपच आहे, तिच्यात कणभर वाढ झालेली नाही. लवकर सोडणं ही सरकारची सवलत, आणि सवलत मिळायची ती आजच्या नियमाने.

"आदीचा निकाल व्हता ना पन?" जयमाला म्हणाली.

"होता. मी वाचून दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला. त्या प्रकरणात सरकारी बाजूने हा मुद्दा नीट मांडलाच नव्हता, म्हणाले."

"म्हंजे सरकारचा वकील तवा चुकला, आन त्याची शिक्षा आमचे मानसाला?"

कायद्याची एवढी जाडजाड पुस्तकं वाचलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही, उत्तर होतं, "हो." ते व्हरांड्यात उभं राहून बाईच्या तोंडावर सांगायचं कसं, हे पुस्तकात नव्हतं.

"वयनी, चल," देवजी पहिल्यांदाच बोलला. "लाँच चुकंल."

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच मोरा बंदरापर्यंत आली आणि ओहोटी लागल्यामुळे धक्क्यापासून थोडी अलीकडे नुसती डुलत उभी राहिली. समोर उरणचा किनारा दिसतोय, माणसंसुद्धा ओळखू येतायत आणि उतरता येत नाही. एरवी जयमाला अशा वेळी लाँचवाल्याला चार गोष्टी सुनावून मोकळी झाली असती. आज ती नुसती पाण्याकडे बघत बसली. देवजी तिच्यापासून दोन बाकं सोडून बसला होता.

सतरा वर्षांपूर्वी त्यांच्या जासई गावच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, बांधावरून भांडण झालं. जमीन सरकार घेणार म्हणून मोजणी चालू होती आणि बांधाचा दगड कुठे होता यावरून शेजारच्या गावच्या एका माणसाशी या दोघा भावांची जुंपली. काठ्या निघाल्या. तो माणूस संध्याकाळी गेला. कोणाची काठी लागून गेला ते कोर्टाला ठरवता आलं नाही, म्हणून दोघांना सारखीच शिक्षा झाली. मेला तोही कुणाचा तरी नवरा होता, हे जयमाला कधी विसरली नव्हती. नवरा निर्दोष आहे म्हणून तिने एकदाही अश्रू गाळले नाहीत. ज्याची जेवढी शिक्षा तेवढी त्याने भोगावी, एवढंच तिचं म्हणणं. पण किती भोगायची ते एकदा सांगा आणि सांगितल्यावर त्याला चिकटून राहा ना!

लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा. मूल झालेलं नव्हतं. रजेवर घरी सोडा म्हणून पंढरीने कितीदा अर्ज केले, पण "दोन गावांत तंटा होण्याचा संभव" असा पोलिसांचा शेरा ठरलेला असायचा आणि अर्ज परत यायचा. चौदा वर्षं ती थांबली. चौदा संपली तेव्हा तिला वाटलं, अजून उशीर झालेला नाही. आता बावीस म्हणजे काय, हे तिला कुणी इंग्रजीतून समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या पोटाला ते कळत होतं.

आणि सगळ्यांत जास्त डाचत होतं ते हे, की देवजीला पुढे घातला तिनेच.

केळुसकरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, दोघांचा अर्ज एकत्रच करू. पण जासईसारख्या गावाला कोर्ट माहीत होतं ते जमिनीच्या केसमधून. जमिनी गेल्या, सरकारने ठरवला तो भाव मिळाला. मग एकजण वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाई. बाकीचे त्याच्याकडे डोळे लावून बसत. तो जिंकला, की त्याच वेळी ज्यांच्या जमिनी गेल्या ते सगळे नुसता अर्ज करत, "त्याला दिला तो भाव आम्हालाही द्या," आणि मिळायचा. कायदाच होता तसा. मग सगळ्यांनी कशाला पुढे जायचं? एकाला जाऊ द्यावं, हरला तर एकटा हरेल, जिंकला तर सगळे जिंकतील. असं गावातल्या घराघरात झालं होतं, जयमालाच्या सासऱ्यांचंही झालं होतं. माणसाच्या सुटकेलाही हाच हिशेब लागतो असं सगळ्यांनी धरून चाललं. बैठक बसली तेव्हा म्हाताऱ्यांनी विचारलं, आधी कुणाचं? आणि जयमालाच म्हणाली होती, "देवजीभावजींची पोरां हायेत. त्यांचा आदी करा. मंग आमचा आपोआप व्हईल."

आपोआप! त्या शब्दाची तिला आता चीड आली.

"सगला माझेमुलं झाला," देवजी बाकावरून म्हणाला.

"तुमी गप बसा, भावजी," ती म्हणाली. "तुमचेमुलं काय झाला? तुमी सुटलाव हा काय तुमचा गुन्हा? मना आता कोनाला समजावत बसायची ताकद नाय."

चार दिवसांनी दोघं बेलापूरला केळुसकरांच्या ऑफिसात गेली. जयमाला गावाजवळच्या कंटेनर यार्डाच्या कॅन्टीनमध्ये भाकऱ्या-चपात्या करायची. कॅन्टीन उरणच्या अहमदभाईंचं. सुट्टी मागितली तेव्हा ते नुसतं म्हणाले, "जा ग बाई, टेन्शन घेव नको. भाकऱ्या काय, मी पन थापीन." आणि खरंच त्या दिवशी त्यांनी थापल्या. ड्रायव्हर लोक पुढे आठवडाभर त्या भाकऱ्यांना नावं ठेवत होते.

वकिलांनी पंखा लावला, पाणी दिलं. "दिल्लीला जाता येईल," ते म्हणाले. "वरच्यांच्याही वरचं कोर्ट. तिथे एकच गोष्ट सांगायची. एक गुन्हा, एक शिक्षा, एक दिवस. देवजी बाहेर आणि पंढरी आत, हा कसला न्याय? आपल्या हातात तेवढंच आहे."

"मंग सांगा की," जयमाला म्हणाली.

"थांबा. त्याची दुसरी बाजू ऐका." केळुसकर देवजीकडे बघायचं टाळत होते. "आपण देवजीचा निकाल पुढे केला, की सरकार म्हणणार, तोच निकाल चुकीचा होता. त्याला सोडायलाच नको होतं. सरकारने तेव्हा त्याच्याविरुद्ध अपील केलं नाही, गोष्ट संपली असं आपण म्हणू. पण दिल्लीने ठरवलं तर... देवजीला परत आत घेतील असं मी म्हणत नाही. पण होणारच नाही असं लिहूनही देत नाही. काल कुठे वाटलं होतं की आपला निकाल असा लागेल?"

पंखा कुरकुरत होता. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती.

"त्यांचा नाव न घेता नाय जाता येनार?" जयमालाने विचारलं.

"नाव काढलं तर आपल्या अर्जात उरतं काय? उभंच राहता येणार नाही."

"घाला माझा नाव," देवजी म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला, की तो ठरवूनच आला होता हे दोघांनाही कळलं. "मोठ्यानं घाला. मी सही करतंव काय पायजे तिथं."

केळुसकर म्हणाले, "तुझी सही लागत नाही रे. अर्ज पंढरीचा. ठरवायचं ते त्यांनी आणि यांनी."

पंढरी नाशिकच्या तुरुंगात होता. मुलाखतीच्या दिवशी जाळीच्या पलीकडे तो आला तेव्हा त्याला निकाल कळलेला होता. तुरुंगात अशा बातम्या नातेवाइकांच्या आधी पोचतात. जाळी इतकी बारीक होती की एका वेळी चेहऱ्याचा एकच तुकडा दिसायचा, कधी डोळा, कधी हनुवटी. तिने दिल्लीचं सांगितलं. देवजीचं सांगितलं. वकिलांनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या, तिनेही दोन्ही सांगितल्या.

"देवजीचा नाव घेवाचा नाय," पंढरी म्हणाला.

"आवो, पन..."

"नाय म्हंजे नाय. एक भाव भायेर हाय, तो ऱ्हाऊ दे. मी हितं सतरा काढली, अजून पाच काढीन. देवजीनं आतमंदी कशी काढली ती मना म्हाईत हाय. त्याचा जीव नाय तेवढा. परत आनला त मरंल तो."

जयमाला जाळीला कपाळ टेकून उभी राहिली. तिला त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटायला हवं होतं. तिला राग आला. आत बसून मोठं मन करणं सोपं असतं, ते मन बाहेर रोज वागवायला लागतं ते दुसऱ्याला.

"तुमचा जीव हाय मोठा, मना कबूल हाय," ती म्हणाली. "माझा कोन इचारतो?"

बाजूच्या जाळीवर कुणाची तरी म्हातारी मोठमोठ्याने रडत होती. पंढरी काही बोलला ते तिला ऐकू आलं नाही आणि त्याने पुन्हा सांगितलं नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळा आली. देवजीची बायको. दोन्ही घरं एकाला एक लागून, मधे नुसती एक बोळकंडी. एवढ्या वर्षांत पुतळा कधी दारात थांबली नव्हती, सरळ चुलीपर्यंत यायची. आज ओटीवरच उभी राहिली.

"बाय, यांनी थैली भरली हाय," ती म्हणाली. "पंचा, दोन बनियन, साबन, तंबाखूची पुडी. मी इचारला कशाला? त बोल्लं, आतमंदी पयले दिवशी काय नाय भेटत, लागतंय सगला. रात-दिस ती थैली खुटीला टांगलेली हाय. पोरां इचारतात, बाबा खय चालले?"

जयमाला परातीत तांदळाचं पीठ चाळत राहिली.

"तू नको ना करू, बाय. तुझे पाया पडतंय. माझे पोरांकडं बघ."

"बघितला ना," जयमाला म्हणाली. "पोरांकडं बघितला म्हनून त तुझे घोवाला पुढं घातला. नायतर दोघां एका दिवशी घरी आली असती."

"तो उपकार मी मरंपरयंत इसरनार नाय. पन..."

"उपकार ठेव तुझे घरी!" जयमाला उठली. पीठ परातीतून बाहेर सांडलं. "मना उपकार फेडून नको हाय, पुतळे, मना मानूस पायजे! तू बोलतंस पोरांकडं बघ. माझे घरान बघायला कोन हाय? सांग ना. दोन वर्सां तुझे घरान हसायचा आवाज येतो तो मी भिंतीतून ऐकतंय. एकदा तरी बोल्ली का तुला, की हलू हसा?"

"म्हंजे आमी हसलो त्याचा सूड घेतंस?"

असं नव्हतं. पण असं अजिबात नव्हतं, हे छातीवर हात ठेवून जयमालाला सांगता आलं नाही. पुतळा गेली. बोळकंडीतून तिच्या रडण्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

जयमालाने तरीही केळुसकरांना निरोप दिला. घाला देवजीचं नाव. नवऱ्याचं ऐकायचं नाही हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ठरवलं होतं. पंढरीच्या सहीसाठी कागद तुरुंगात गेले ते इंग्रजीत. त्याने विचारलं तर नाव नाही असं सांगा, ती वकिलांना म्हणाली. वकील म्हणाले, असं खोटं मला सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, तो विचारणारच नाही, त्याने मला सांगितलंय म्हणजे झालं असं तो धरून चालतो. आणि तसंच झालं. पंढरीने विचारलं नाही, सही केली.

पुतळाला ते कुठून कळलं कोण जाणे. तिने पोरांच्या डोक्यावर देवजीचा हात ठेवला आणि त्याच्याकडून शपथ घेतली, की यापुढे जयमालाच्या अंगणात पाय ठेवणार नाही. देवजीने शपथ घेतली. थैली मात्र खुंटीवरून काढली नाही.

दिल्लीचं बोलावणं कधी येतं याकडे दोन्ही घरं कान लावून होती. रस्त्यात जीप थांबली तरी पुतळा पोरांना आत ओढायची. जयमालाच्या कॅन्टीनमध्ये फोन वाजला की तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपायची. अहमदभाई वैतागून म्हणायचे, "अगं, तो फोन डिझेलवाल्याचा हाय!" शेवटी मे महिन्यात एकदा तो केळुसकरांचा निघाला.

"जयमालाबाई, अर्ज आत घेतलाच नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे सुनावणीच नाही. पहिल्याच दिवशी फेटाळला. मी उभा राहिलो, एक वाक्य बोललो, दुसरं सुरू करायच्या आत 'डिसमिस्ड' म्हणाले. कारणसुद्धा दिलं नाही."

यार्डात क्रेन एक कंटेनर दुसऱ्यावर चढवत होती. त्या आवाजात तिने दुसऱ्या कानावर हात ठेवला. "आन देवजीभावजींचा?"

"त्याचं काय? त्याचं नाव तिथे कुणी वाचलंसुद्धा नाही. तो जिथे आहे तिथेच राहील. त्याला सांगा, निश्चिंत झोप म्हणावं."

जयमालाने फोन ठेवला. ज्या नावासाठी नवऱ्याचा शब्द मोडला, जाऊ तोडली, दीर अंगणापल्याड केला, ते नाव कुणी वाचलंही नव्हतं. निदान कुणी वाचून, विचार करून, नाही म्हटलं असतं! तिला हसावं की रडावं ते कळेना. मागून अहमदभाईंनी विचारलं, "काय झाला?" ती म्हणाली, "काय नाय. तवा तापलाय," आणि पुढची भाकरी टाकली.

पुतळाला तिने बोळकंडीत उभं राहून मोठ्याने सांगितलं, "दिल्लीनं काडून टाकला. तुझे मानसाला काय नाय व्हनार." दार उघडलं नाही. त्या संध्याकाळी मात्र शेजारी पोरांना गोडाचं झालं असावं, वेलचीचा वास आला. आधी असं काही झालं की पहिली वाटी जयमालाकडे यायची.

पुढच्या मुलाखतीला ती एकटीच नाशिकला गेली. आधी देवजी तिच्याबरोबर यायचा, तुरुंगाबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहायचा. आत यायची त्याची हिंमत नव्हती, पण भाऊ भिंतीपलीकडे आहे एवढं त्याला पुरायचं.

पंढरी जाळीपाशी आला. त्याने केस बारीक कापले होते, त्यामुळे कानशिलावरचं पांढरं जास्तच दिसत होतं.

"दिल्लीनं नाय सांगितला ना?"

"हो."

"जाऊ दे." थोडा वेळ तो जाळीवर नख घासत राहिला. मग त्याने विचारलं, "देवजीचा नाव नव्हता ना घातला?"

जयमालाने त्याच्याकडे बघितलं. जाळीतून त्याचा फक्त एक डोळा दिसत होता आणि तो डोळा तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवून बसला होता. सतरा वर्षांत त्याने तिच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती, हे तिला तेव्हा कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

"नाय," ती म्हणाली. "तुमी नाय बोल्लाव ना. मंग कशी घालीन?"

पंढरीने मोठा श्वास सोडला. "बरा केलास. लय बरा केलास, जयमाले. मना वाटला व्हता, तू रागानं घालशील. माझीच चूक. तुझेसारखी बायको नाय भेटनार कोनाला."

एवढं कौतुक त्याने लग्नाच्या हळदीतही केलं नव्हतं. ते आता मिळालं आणि तिला ते घेताही येईना, परतही करता येईना.

"देवजी आलाय ना भायेर?"

"नाय. त्यांना ताप हाय."

"काळजी घे म्हनावा. आन पाऊस येईल आता. दोन वर्सां करतो ना, तशी आपले घराची कौलां परतून दे, म्हनावा. मागले साली पडवीत गळत व्हता बोल्लीस तू."

"सांगतंय," जयमाला म्हणाली.

शिपायाने हाक मारली. वेळ संपली होती.

जासईला कौलं परतायला बाई चढत नाही. वर चढणारा घरातला पुरुष, नाहीतर भाऊबंद. पंढरी आत गेल्यापासून सासरे होते तोवर ते चढले, मग गावातलं कुणी ना कुणी आलं, मग देवजी सुटून आला. ज्या घरावर बाई चढली त्या घरात पुरुष उरला नाही, असंच गाव समजतं. कुणी तोंडाने म्हणत नाही. म्हणायची गरज पडत नाही.

रविवारी सकाळी जयमालाने पदर कंबरेला खोचला, मागीलदारची शिडी ओढत आणून वळचणीला लावली आणि चढली. समोरच्या ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचं बोलणं थांबलं. दत्तू नाना "अगं ए, कोनाला तरी बोलवू का?" म्हणून ओरडला. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं. कौलं उन्हाने तापली होती. पडवीच्या बाजूचं एक फुटकं निघालं, दुसरं सरकलं होतं. तिने फुटकं काढून बाजूला ठेवलं. मग पुढच्या ओळीकडे जायला पाय उचलून टाकला आणि खालचं कौल कर्रकन वाजलं.

शेजारच्या अंगणात देवजी उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. दोन्ही अंगणांमधल्या बोळकंडीच्या कडेला त्याच्या पायाचे अंगठे टेकले होते आणि तिथून पुढे तीळभरही सरकले नव्हते. मागे दारात पुतळा होती. ती त्याला आत बोलवत नव्हती.

"वयनी," तो तिथूनच म्हणाला, "मधी पाय नको देव. वाशावर दे. उजवीकडं वासा हाय. आजून जरासा... हां, तिथं."

जयमालाने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने पाय उजवीकडे घेतला, खाली वासा लागला, तसा त्यावर भार दिला आणि पुढचं कौल उचललं.